आरोग्य, मन आणि उभारी : सुरतच्या मराठी घरांसाठी वाचनसूची



मंडळाच्या वाचनालयात पूर्वी कादंबऱ्या आणि दिवाळी अंक यांनाच मागणी असे. अलीकडे कपाटापाशी येऊन हळू आवाजात विचारणारे वाढले आहेत. "रिपोर्टमध्ये शुगर निघाली, काही वाचायला आहे का?" "मुलगा घरात कोणाशी बोलत नाही." "ह्यांची तंबाखू काही सुटत नाही." प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही राहून जाते, म्हणून ही सूची लिहून ठेवली आहे.

पुस्तके निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. लेखक स्वतः त्या आजारातून किंवा अडचणीतून गेलेला असावा, नाहीतर त्याने वर्षानुवर्षे तसे रुग्ण हाताळलेले असावेत. आणि आपला उपाय कोणाला लागू पडत नाही, हेही त्याच्या लिहिण्यातून कळावे. "सात दिवसांत", "मुळापासून", "औषधाविना" असे शब्द मुखपृष्ठावर मिरवणारी पुस्तके घेतलेली नाहीत. ("विनासायास" हा शब्द एकदा येईल, त्याचे कारण तिथेच दिले आहे.)

आता, सुरतेत राहून हे मराठीतच कशाला वाचायचे, असे तरुण मंडळी विचारतात. त्याला उत्तर म्हणून घरचीच गोष्ट सांगतो. माझे वडील उधन्यात लूमवर बारा तासांची रात्रपाळी करून आले आणि छाती धरून बसले. जवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "काका, गभरामण थाय छे?" वडील पडले अमळनेरकडचे. त्यांना वाटले, घाबरता का, असे विचारत आहेत. ताठ बसून म्हणाले, "नाही, मी कशाला घाबरू?" सोबत आलेले गुजराती शेजारी चटकन मधे पडले म्हणून बरे. गुजरातीतली गभरामण म्हणजे आपला "जीव घाबरा होणे". अस्वस्थता, गुदमरल्यासारखे वाटणे, घाम फुटणे, हे सारे त्यात आले. कार्डिओग्राम निघाला आणि पुढचे निभावले. तीस वर्षे सुरतेत काढलेला माणूस बाजारात, कारखान्यात अस्खलित गुजराती बोलत असे. पण दुखणे सांगायची वेळ आली की शब्द आईच्या भाषेतलेच येतात, आणि आपल्यापैकी पुष्कळांना तेही नीट येत नाहीत. "कसंतरी होतं" यापुढे गाडी जात नाही. चांगले पुस्तक आधी हे शब्द देते. औषध डॉक्टरांनीच द्यायचे.

हृदय

या विषयावर एकच पुस्तक घ्यायचे असेल तर डॉ. अभय बंग यांचे "माझा साक्षात्कारी हृदयरोग" घ्यावे. बंग हे गडचिरोलीत "सर्च" संस्था चालवणारे, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकलेले डॉक्टर. गावोगावच्या नवजात बाळांचे मृत्यू कमी करण्यासाठी धडपडणाऱ्या या माणसाला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. पुस्तकात ते स्वतःलाच रुग्ण म्हणून तपासायला बसतात. काय खात होतो, किती चालत होतो, कशाची घाई होती, कोणावर चिडत होतो, सगळे मांडतात. आपण डॉक्टर असूनही स्वतःच्या शरीराकडे पाहिले नाही, ही कबुली ते आडपडदा न ठेवता देतात. म्हणूनच मुलाने सांगितलेले न ऐकणारे वडीलसुद्धा हे पुस्तक ऐकतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. बंग यांनी ज्या पद्धतीचा आधार घेतला ती अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांची : अत्यल्प स्निग्ध पदार्थ असलेला शाकाहार, चालणे, योगासने, ध्यान आणि मन मोकळे करण्यासाठी गटात बोलणे. ऑर्निश यांचा मूळ प्रयोग १९९० साली "लॅन्सेट"मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नासहून कमी रुग्ण होते आणि पथ्य फार कडक होते. तेव्हा पुस्तक वाचून उत्साहाने गोळ्या बंद करू नयेत. छातीत दुखत असेल तर तर पुस्तकही नको आणि ओव्याचे पाणीही नको. १०८ ला फोन करावा.

डॉ. रवी बापट यांचे "वॉर्ड नं. पाच, केईएम" हे आजारावरचे पुस्तक नव्हे, मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातील एका सर्जनच्या आठवणींचे आहे. रुग्णालय आतून कसे चालते हे कळले की तिथली भीती कमी होते, म्हणून ते इथे घेतले. खासगी वैद्यकीय व्यवहारात कुठे पाणी मुरते हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायचे असेल त्यांनी डॉ. अरुण गद्रे यांचे "कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची" वाचावे. मात्र घरात कोणाचे ऑपरेशन ठरलेले असताना वाचू नये, उगाच झोप उडते.

साखर, वजन आणि जेवण

आता "विनासायास" या शब्दाकडे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे "विनासायास वेटलॉस" बहुतेकांनी ऐकलेले असते, निदान त्याचे व्हिडिओ तरी पाहिलेले असतात. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. कडाडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचे आणि मधे काही खायचे नाही. त्यामागचे कारण असे सांगितले जाते की प्रत्येक खाण्याबरोबर शरीरात इन्सुलिन सुटते, आणि ते वारंवार सुटत राहिले तर चरबी साठत जाते. दुसरीकडे ऋजुता दिवेकर थोडे थोडे आणि वेळेवर खा असे सांगतात. यावरून महाराष्ट्रात जो वाद रंगला तो आपल्याही व्हॉट्सॲप गटांवर येऊन गेला.

आमचे मत विचाराल तर दोघांचेही समान असलेले भाग आधी उचलावेत : घरचे अन्न, साखरेला आवर, रोजचे चालणे. दोन वेळा जेवण्याची पद्धत पुष्कळांना सोपी जाते, कारण तिच्यात तोलमाप नाही. पण ज्यांना मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण वगळल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि लूमवर किंवा दुचाकीवर असताना ती खाली गेली तर अपघात ठरलेलाच. पाळ्या बदलत राहणाऱ्यांना तर "भुकेच्या दोन वेळा" दर आठवड्याला नव्याने शोधाव्या लागतात, त्यांची अडचण दोन्ही बाजूंच्या पुस्तकांत फारशी आलेली नाही. आणि चांदनी पडव्याच्या घारीचे काय, हे आपले आपणच ठरवायचे. आमच्या घरी एक घारी चौघांत कापली जाते. पूर्वी चौघांना चार लागत.

मूत्रपिंडाच्या आजारावर पद्मजा फाटक यांचे "हसरी किडनी" आवर्जून सांगावेसे वाटते. विनोदाची उत्तम जाण असलेल्या या लेखिकेने स्वतःच्या मूत्रपिंडाच्या दुखण्याची आणि प्रत्यारोपणाची हकीकत लिहिली आहे. अवयवदानात सुरतचे नाव सर्वत्र घेतले जाते. ज्यांना तो अवयव मिळतो त्यांचे पुढे काय होते, किती औषधे, किती काळजी, घरच्यांची किती ओढाताण, हे या पुस्तकातून समजते. डायलिसिस चालू असलेल्या घरात ते वाचले गेले आणि बऱ्याच दिवसांनी तिथे हसू ऐकू आले, असे एका भगिनींनी पुस्तक परत करताना सांगितले.

व्यसन

गुजरातेत दारूबंदी आहे. त्यामुळे आपल्याकडे दारूडा कोणाच्याच घरात नसतो. निदान बोलण्यात नसतो. जे कायद्याने नाही ते घरात आहे हे कबूल कसे करायचे, या संकोचात वर्षे निघून जातात. तंबाखू-चुना, मावा आणि बायकांची मिश्री यांना तर आपण व्यसनात धरतच नाही.

अनिल अवचट यांचे "मुक्तांगणची गोष्ट" या संकोचावर काम करते. अवचटांनी आधी ब्राऊन शुगरच्या व्यसनावर "गर्द" लिहिले. त्यातून, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, १९८६ साली पुण्यात "मुक्तांगण" हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या, केंद्राचा कणा त्याच. व्यसन हा आजार आहे, तो पुन्हा उलटू शकतो, उलटला म्हणजे सगळे वाया गेले असे नाही, आणि रुग्णाइतकीच बायकोलाही आधाराची गरज असते, हे सारे माणसांच्या गोष्टींतून समजत जाते. आमच्याकडे हे पुस्तक बहुतेक वेळा बायकाच नेतात. त्यांना एकच विनंती : नवऱ्याच्या उशाशी ठेवून देऊ नका, आधी स्वतः वाचा. शिव्या, शपथा, देवापुढचे नारळ यांनी का भागत नाही, हे कळले की निम्मी भांडणे थांबतात.

मन

मनाच्या आजारासाठी आपल्याकडे अजून दोनच शब्द आहेत, "टेन्शन" आणि "वेड". मधला सगळा प्रदेश अनोळखी. अच्युत गोडबोले यांचे "मनात" हे मानसशास्त्राच्या इतिहासावरचे जाडजूड पण रसाळ पुस्तक आहे. नीलांबरी जोशी यांच्यासह लिहिलेले "मनकल्लोळ" दोन भागांत असून त्यात नैराश्य, चिंता, स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश अशा विकारांची ओळख आहे. हे पुस्तक सलग वाचू नये. सलग वाचले तर प्रत्येक विकार आपल्यालाच आहे असे वाटू लागते. ज्या प्रकरणाची गरज आहे तेवढेच वाचावे. गोडबोले यांचे आत्मचरित्र "मुसाफिर"ही जमल्यास पाहावे. मुलाच्या स्वमग्नतेविषयी त्यांनी त्यात लिहिले आहे. अशी मुले आपल्या वस्त्यांतही आहेत आणि त्यांचे आईबाप फार एकटे पडतात.

रोजच्या जगण्यात सर्वांत उपयोगी पडणारा विचार मात्र डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुस्तकांत सापडेल. ठाण्यात १९९० पासून "आयपीएच" ही मनोविकास संस्था चालवणारे हे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांचे "विषादयोग" आणि "स्वभाव-विभाव" घ्यावे. पाया अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा आहे. ती पद्धत आपल्याकडे रुजवली मुंबईचे कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता.

पद्धत थोडक्यात अशी. मंदीत कारखान्याने माणसे कमी केली आणि एकाची नोकरी गेली. तो म्हणतो, नोकरी गेली म्हणून मी खचलो. एलिस म्हणतील, मधली एक पायरी तू गाळलीस. नोकरी गेली ही घटना. त्यानंतर तू मनाशी बोललास, "कमावत नाही तो पुरुष कसला? मी संपलो. गावी तोंड कसे दाखवू?" खचलास तो या बोलण्याने. याऐवजी "हे वाईट झाले, फार अडचण होणार, पण माझी किंमत पगाराएवढी नाही" असे म्हणता आले तर दुःख राहील, पण हातपाय गळणार नाहीत. काम शोधायला बाहेर पडता येईल. ऐकायला हे सोपे वाटते. पण आपले ते मनातले वाक्य नेमके कोणते हे पकडायलाच महिने लागतात, आणि ते वाक्य आपण मनाशी मराठीत किंवा अहिराणीत बोललेले असते. म्हणून हा अभ्यास त्याच भाषेत करावा.

हिऱ्याच्या आणि कापडाच्या धंद्यात मंदीचे फेरे येतात तेव्हा या शहरात आत्महत्यांच्या बातम्या वाचाव्या लागतात. घरातले कोणी "आता काय उरलंय" असे वारंवार म्हणू लागले, आवराआवर करू लागले, तर पुस्तक शोधत बसू नये. त्याला एकटे सोडू नये, सरळ विचारावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते.

व्हिक्टर फ्रँकल यांच्या १९४६ सालच्या छळछावणीतील अनुभवांच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद "अर्थाच्या शोधात" या नावाने आहे. दुःखातून सावरू लागलेल्या माणसाला ते द्यावे, नुकतेच दुःख कोसळलेल्याला नको.

मनाच्या आजाराला बाहेरची बाधा म्हणणारे आपल्यात अजूनही आहेत. त्यांच्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे "तिमिरातुनी तेजाकडे" ठेवले आहे. दाभोलकर स्वतः डॉक्टर होते आणि साताऱ्यात व्यसनमुक्तीचे काम करत. २०१३ साली त्यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि गुजरातनेही २०२४ मध्ये तसा कायदा केला. श्रद्धेला धक्का लागेल म्हणून हे पुस्तक टाळू नये. भगताकडे घालवलेले सहा महिने रुग्णाला परत मिळत नाहीत, एवढाच आमचा मुद्दा आहे.

बायकांचे आरोग्य

डॉ. राणी बंग यांचे "कानोसा". १९८९ साली बंग दांपत्याने गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष "लॅन्सेट"मध्ये मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. जगाने त्याची दखल घेतली. "कानोसा"त त्या आकड्यांमागच्या बायका बोलतात. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, मूल न होणे, नकोसे मूल, हे सारे त्यांच्याच शब्दांत येते. कंबर मोडल्यासारखी दुखते पण सांगायचे कोणाला, हा प्रश्न लिंबायत-डिंडोलीतही तोच आहे. सासू-सुनांनी मिळून वाचावे असे आम्ही म्हणत नाही, ते जमणे कठीण. पण सासूने वाचून सुनेला द्यावे.

या विषयावर मराठीत बोलायला सुरुवात केली ती र. धों. कर्वे यांनी. "समाजस्वास्थ्य" हे मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत जवळजवळ एकट्याने चालवले, खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे वैद्यकीय तपशील आता जुने झाले आहेत, धीटपणा अजून ताजा वाटतो.

व्यायाम आणि योग : हे तर आपल्या गुजरातचेच

योगासनांना प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म १८८३ साली बडोद्याजवळच्या डभोईचा. बडोद्यातच ते राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली व्यायाम शिकले. पुढे काही वर्षे खानदेशात अमळनेरला शिक्षक होते, आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास "कैवल्यधाम" स्थापन केले. सुरत-भुसावळ गाडीत बसून जे गाव आपण दर दिवाळीला गाठतो तिथे हा माणूस शिकवत होता, हे मुलांना जरूर सांगावे. "आसने" आणि "प्राणायाम" ही त्यांची पुस्तके नेमकी आहेत, चमत्काराची भाषा त्यांत नाही.

बडोद्याचेच द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला "व्यायाम ज्ञानकोश" १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघाला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, जोर-बैठका असे सारे त्यात आहे. गुजरातेत बसून एवढे मोठे मराठी काम झाले. खंड आता दुर्मिळ आहेत. कोणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत देण्यापूर्वी मंडळाला कळवावे.

उभारी देणारी पुस्तके

स्वतःला घडवण्याची म्हणून जी पुस्तके स्टेशनवर मिळतात, त्यांतली बरीचशी इंग्रजीवरून घाईने केलेले अनुवाद असतात. पहाटे पाचला उठा, ध्येय लिहून ठेवा. रात्रपाळीवरून पहाटे घरी येणाऱ्याने काय करायचे, ते त्यांत नसते. त्यापेक्षा नरेंद्र जाधव यांचे "आमचा बाप आन् आम्ही" (१९९३) वाचावे. गाव सोडून मुंबईत कष्टाला आलेला, शाळा न शिकलेला बाप आपली मुले कशी उभी करतो, जातीचे चटके कसे सोसतो आणि कुठे मान वाकवत नाही, याची ही हकीकत. वडिलांनी निवृत्तीनंतर स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींवर ती आधारलेली आहे. आपल्या प्रत्येक घरात असा एक बाप आहे. त्याला एक वही आणून द्यावी, हेही या पुस्तकातून सुचते.

नसीमा हुरजूक यांचे "चाकाची खुर्ची" आणि वीणा गवाणकर यांचे "एक होता कार्व्हर" (१९८१) यांची शिफारस नव्याने करायला नको. पहिले ऐन उमेदीत पांगळेपण आलेल्या आणि पुढे कोल्हापुरात अपंगांसाठी संस्था उभारणाऱ्या स्त्रीचे, दुसरे गुलामीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाचे. दहावीच्या सुट्टीत मुलांनी दुसरे वाचावे.

म्हातारपण

अतुल गवांदे यांचे "बीइंग मॉर्टल" (२०१४) मूळ इंग्रजी आहे. ते अमेरिकेत वाढलेले सर्जन, वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. गावात नातवंडा-पतवंडांत शंभरी ओलांडून जगलेले आजोबा आणि अमेरिकेतले वृद्धाश्रम, दोन्ही त्यांनी पाहिले. शेवटच्या आजारात आणखी एक उपचार करण्यापूर्वी रुग्णाला काय हवे आहे हे विचारावे, हे ते स्वतःच्या वडिलांच्या आजारातून शिकले. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांनी हे वाचून आईवडिलांना मराठीत सांगावे.

पुस्तके मिळवताना

यांतली जी पुस्तके आपल्या कपाटात नसतील ती घोडदोड रस्त्यावरच्या महापालिकेच्या कवी नर्मद मध्यस्थ ग्रंथालयात विचारून पाहावीत. इंग्रजी वाचणाऱ्यांनी तिथे घनश्याम शहा यांचे १९९४ च्या सुरतच्या प्लेगवरचे पुस्तकही मागावे. ज्यांनी त्या सप्टेंबरात गाडीच्या टपावर बसून गाव गाठले होते, त्यांना आपल्या शहराला नेमके काय झाले होते ते त्यात वाचायला मिळेल.

ज्यांना आता डोळ्यांनी वाचवत नाही त्यांच्यासाठी रविवारी सकाळी मोठ्याने वाचन ठेवण्याचा विचार आहे. सुरुवात "माझा साक्षात्कारी हृदयरोग" पासून करू. वाचून दाखवायला दोन जण हवे आहेत. अहिराणीत मधेमधे समजावून सांगणारा एक मिळाला तर फारच उत्तम.